आपोआप चाललेला डबा

त्या दुपारी मी एक डिझेल इंजिन मळवत बसले होते. मॉडेल कितीही सुबक रंगवलं तरी ते दुकानातलं खेळणंच वाटतं. छतावर काजळी, टाकीखाली तेलाचे ओघळ, चाकांवर तांबूस धूळ चढली की मग ते धावलेलं इंजिन दिसतं. हे इंजिन माझ्या तळहाताहून थोडं लांब होतं. लांब नाकाचं, तांबडं, कमरेला पिवळा पट्टा. तरुणपणी मी बनारसच्या इंजिन कारखान्यात नकाशे काढायच्या विभागात लागले, तेव्हा ह्याच जातीच्या इंजिनांचे नकाशे आम्ही ट्रेस करायचो. ती इंजिनं आता भंगारात गेली. निवृत्त झाल्यावर मी ती प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांतून पुन्हा बनवायला घेतली. त्यांना धावायला जागा हवी म्हणून रामघाटाजवळच्या आमच्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, प्लायवूडच्या मोठ्या फळीवर एक स्टेशन, एक यार्ड, एक चढ आणि एक बोगदा तयार झाला. रुळांतली खडी म्हणजे गंगेपलीकडची चाळलेली वाळू. झाडं म्हणजे वाळलेल्या तुळशीच्या काड्या.

कापसावर काजळ घेऊन मी छताला लावत होते, तेवढ्यात यार्डात काहीतरी हललं. पाहिलं तर मालगाडीच्या शेवटी लावायचा गार्डाचा डबा, जो मी सकाळी मोकळ्या रुळावर उभा केला होता, तो एकटाच चालला होता. अगदी मुंगीच्या चालीनं. रुळाच्या टोकाला जाऊन टेकला आणि थांबला.

कंट्रोलर बंद होता. पंखाही बंद होता, रंगाचं काम करताना मी तो लावत नाही. आणि त्या डब्याला मोटरच नाही. आधी मनात नको ते सगळं येऊन गेलं, मग कारखान्यातली सवय जागी झाली. मी पाणसळ काढली, म्हणजे गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी, आणि फळीवर ठेवली. शेजारच्या भिंतीकडचं टोक खाली गेलं होतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, बुडबुडा मधोमध आला, आणि मी चहा करायला उठले.

चहा घेताना ह्यांना सांगितलं. हे वेदपाठशाळेत शिकवायचे. गुडघ्यांमुळे घाटाच्या पायऱ्या बंद झाल्या होत्या, पण पहाटे खिडकीशी बसून पाठ म्हणणं सुटलं नव्हतं.

"अगं, पावसाळ्यात लाकूड फुगतं," हे म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

थोड्या दिवसांनी माझं सगळ्यात भरवशाचं इंजिन चढावर अडलं. ह्याच चढावरून त्यानं कितीतरी वेळा भरलेली मालगाडी ओढली होती. आता चाकं जागच्या जागी फिरत होती आणि गाडी मागे ओढली जात होती. दुसऱ्या बाजूला, उतारावर, डबे एकाच सांध्यापाशी रुळावरून घसरत होते. मी चाकं पुसली, सांधा तपासला, रूळ घासले. सगळं ठीक होतं. मग मी गुडघे टेकून पाणसळ फळीवर नाही, जमिनीवर ठेवली.

बुडबुडा मधून सरकला आणि आतल्या बाजूला जाऊन चिकटला.

फळी फुगली नव्हती. खोलीच तिरकी झाली होती.

शेजारचं घर काही महिन्यांपूर्वी पाडलं होतं. तिथे गेस्ट हाउस होणार होतं आणि खाली तळघर. पत्र्यांच्या आड रोज खोदाई चालायची. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, म्हणून माती खेचरांच्या पाठीवर जायची. त्यांच्या गळ्यातल्या घंटा दिवसभर ऐकू यायच्या. आजवर त्या आवाजाची मला मौज वाटायची. त्या दिवसापासून मात्र प्रत्येक घंटेबरोबर वाटायला लागलं, की ही आपल्या घराखालचीच माती चालली आहे.

भीती कशी पसरते ते मी तेव्हा पाहिलं. न्हाणीत बादलीतलं पाणी तिरकं दिसायचं. देव्हाऱ्यातल्या समईची वात एका बाजूला झुकलेली वाटायची. जिना उतरताना मी भिंतीला हात लावायचे आणि लगेच काढून घ्यायचे, जणू माझ्या हाताच्या भारानंच ती कोसळेल. कोणाला बोलून दाखवायची लाज वाटायची. इतक्या वर्षांची इंजिनिअरिंगच्या खात्यातली बाई, आणि भिंतीला घाबरते.

लांबट खोलीच्या कोपऱ्यात केसासारखी एक चीर होती. ती जुनी की नवी, मला आठवेना. स्टेशनच्या खिडक्यांसाठी आणलेल्या अगदी पातळ काचेचा एक तुकडा मी त्या चिरेवर आडवा ठेवून दोन्ही टोकांना चिकटवला. भिंत स्थिर असेल तर काच तशीच राहील. चीर रुंदावली तर तुटेल.

दुसऱ्या दिवशी मी त्याच खोलीत पालक निवडत बसले होते. शेजारी खोदाईच्या यंत्राचे धक्के चालू होते. मधेच 'टिक्' असा आवाज झाला. नखावर नख आपटावं एवढाच. मी मान वळवली नाही. थोडा वेळ तशीच पालकाकडे बघत बसले, कारण वळून पाहिलं की ते खरं होणार होतं. मग पाहिलं. काच मधोमध तुटली होती.

मी तशीच खाली गेले. खालच्या मजल्यावर मकानमालक आणि त्यांची बायको राहायचे. माणूस चांगला, हसरा, सगळ्या गल्लीशी बोलणारा. मी डब्यापासून काचेपर्यंत सगळं सांगितलं. ते हसले.

"भाभीजी, खिलौने की गाड़ी पटरी से उतर गई, तो क्या हम घर छोड़ दें? मैंने बगलवाले से बात की है. कहता है, पूरी सेफ्टी है."

माझ्या मागोमाग हेही जिना उतरले होते. ते काही बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा मला राग आला.

वर आल्यावर मी म्हटलं, "चला, स्वतः बघा." मी त्यांना फळीपाशी नेलं. "आज सकाळीच मी ही फळी सारखी केली आहे. बुडबुडा मधोमध होता." गार्डाचा डबा मी त्यांच्या हातात दिला. "ठेवा रुळावर. ढकलू नका. नुसता ठेवा."

त्यांनी तो ठेवला आणि बोटं बाजूला घेतली. क्षणभर काहीच झालं नाही. मग डबा निघाला. ह्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. डबा टोकाला टेकला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, हे आजच्या दिवसात झालं?"

"सकाळपासून."

ते गुडघ्यांची पर्वा न करता पुन्हा खाली गेले. मला वरून ऐकू येत होतं. "भाईसाहब, हम आज ही जा रहे हैं. आप भी चलिए. भाभीजी को लेकर चलिए."

"पंडितजी, आप भी?" मकानमालक म्हणाले. ह्या खेपेस त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. शेवटी एवढं ठरलं, की त्यांनी बायकोला मेहुणीकडे पाठवायचं, पण स्वतः घर सांभाळायला थांबायचं. आम्ही दोघं संध्याकाळच्या आत कपडे, औषधं आणि देव घेऊन मंगला गौरीजवळ माझ्या मामेबहिणीकडे गेलो.

सकाळी मी परत आले ती इंजिनांसाठी. ह्यांनी अडवलं होतं. "जाऊ दे ती," म्हणाले. पण ती मी स्वतःच्या हातांनी घडवली होती, आणि ज्यांच्यावरून ती बेतली ती खरी इंजिनं आता कुठेच उरली नव्हती. मी म्हटलं, जाते आणि येते.

खोलीत शिरल्यावर सवयीनं दार लावून घेतलं. आमच्याकडे दार उघडं टाकलं की माकडं येतात आणि एकदा आली की फळीवरची झाडंसुद्धा उपटून नेतात. मिठाईच्या रिकाम्या डब्यांत जुनं मऊ लुगडं अंथरून मी एकेक इंजिन ठेवू लागले. एक डबा भरला. दुसरा भरत असताना शेजारचं यंत्र सुरू झालं. पहिल्याच धक्क्याला वरून चुना पडला, स्टेशनच्या फलाटावर, बाकांवर, उभ्या केलेल्या हमालांच्या डोक्यांवर. मग भिंतीच्या आतून आवाज आला. जाड कापड सावकाश फाडावं तसा. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

मी डबे उचलले आणि दार ओढलं. ते हललं नाही.

पुन्हा ओढलं. वर पाहिलं तर चौकट एका बाजूला दबली होती आणि दाराचा वरचा कोपरा तिच्यात घट्ट रुतला होता. मला समजत होतं की काय झालं आहे, अगदी नकाशावर दिसावं तसं समजत होतं, आणि त्या समजण्याचा काडीइतका उपयोग नव्हता. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नंतर मकानमालक म्हणाले, की मी त्यांना नाही, माझ्या आईला हाक मारत होते. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

जिन्यावर धावती पावलं ऐकू आली. "भाभीजी, पीछे हटिए!"

त्यांनी खांद्यानं धडक दिली. एकदा, पुन्हा एकदा. दार थोडं किलकिलं झालं. मी भरलेला डबा फटीतून बाहेर दिला.

"अरे, डिब्बा छोड़िए, आप निकलिए!"

दुसरा डबा मी टाकला आणि आडवी होऊन त्या फटीतून घुसले. ब्लाउजची बाही फाटली, दंड खरचटला. आम्ही जिना कसा उतरलो देव जाणे. गल्लीत आल्यावर पाहिलं, मकानमालकांच्या एका पायात त्यांची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात बायकोची. तशा अवस्थेत ते पत्र्यांवर दोन्ही हातांनी बडवू लागले. "निकलो! सब बाहर निकलो! दीवार आ रही है!"

मजूर वैतागून बाहेर आले. कोणी बिडी पेटवली, कोणी खेचरं पुढे घेतली. त्यांचा मुकादम मकानमालकांशी भांडत होता, एवढ्यात भिंत गेली. मला वाटलं होतं मोठा धमाका होईल. तसं काही झालं नाही. ती आधी पोट पुढे काढल्यासारखी फुगली आणि मग बसत गेली, आणि सगळी गल्ली धुळीनं भरली. धूळ खाली बसली तेव्हा आमची लांबट खोली एका बाजूनं उघडी दिसत होती. फळी वाकून खड्ड्यावर लोंबत होती. मजूर घाईघाईनं एकमेकांना मोजत होते. सगळे होते. मुकादमानं मकानमालकांचे पाय धरले आणि मी ओट्यावर बसून रडले.

आता आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. मकानमालक आणि त्यांची बायको अजून मेहुणीकडेच आहेत. घर राहण्याजोगं उरलं नाही. वाचलेली इंजिनं मी कपाटात ठेवली आहेत, आणि एका छोट्या फळीवर नवा रूळ टाकायला घेतला आहे. काम सावकाश चाललं आहे. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही.

इथे आल्यावर एका संध्याकाळी हे अचानक म्हणाले, "मला तो आवाज आधीपासून येत होता."

"कुठला?"

"भिंतीतला. पहाटे पाठ म्हणताना. करकर व्हायचं. मी थांबायचो, तर तोही थांबायचा. मला वाटलं, माझ्या कानांचं काहीतरी झालं. बाबांना शेवटी असेच आवाज यायचे ना. आधी कान गेले, मग डोकं. मला वाटलं, आता माझी पाळी. म्हणून बोललो नाही."

किती दिवस हे ती भीती एकट्यानं घेऊन बसले होते, आणि मी शेजारच्या खोलीत माझी. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. कान उत्तम निघाले.

आमच्या नव्या घरासमोरून मोठा रस्ता जातो. ट्रक गेला की खिडकीचं तावदान थरथरतं. मग आम्ही दोघंही हातातलं काम थांबवतो.

"ऐकलंस?" हे विचारतात.

"ऐकलं. ट्रक गेला."

"ट्रकच होता ना?"

"हो, ट्रकच," मी म्हणते, आणि तावदान शांत होईपर्यंत आम्ही कोणीच हलत नाही.