केरबाची पट्टी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिच्यापासून मी फारसं काही लपवलं नाही — पण हे लपवलं. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल ना?

मी जनावरांचा डॉक्टर. लष्करात होतो. निवृत्त झाल्यावर काही वर्षं पुण्यात काढली आणि मग मुलीकडे सिंगापूरला आलो. मेधा आणि जावई पुंगोलला राहतात. सकाळी दोघं एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, रॅफल्स प्लेसला कामाला जातात, नातू शाळेत जातो, आणि मी एकटा पेपर वाचत बसतो. इथल्या मराठी मंडळींत माझी एक ओळख आहे — मेधाचे बाबा घोडेस्वारीच्या टीमबरोबर जागतिक खेळांना गेले होते. मेधाच सांगते सगळ्यांना. खोटं नाही ते. गेलो होतो.

अडतीस वर्षं झाली. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल — यजमान देशाने शेजारच्या देशात फौजा घुसवल्या होत्या, म्हणून कितीतरी देशांनी त्या खेळांवर बहिष्कार टाकला. घोडेस्वारीत जे देश दरवेळी पदकं घेऊन जायचे, त्यातले बहुतेक आलेच नाहीत. आम्ही पागेत पोचलो तर रांगाच्या रांगा रिकाम्या. भिंतींना नव्या रंगाचा वास, खाली ताजं गवत पसरलेलं, आणि आत घोडा नाही. एरवी आम्हाला तिथे कोण विचारणार होतं? पण आता आमचा नंबर लागू शकत होता. टीमच्या प्रमुखांनी पहिल्याच दिवशी आम्हाला एकत्र उभं करून सांगितलं, "अशी संधी आपल्या जन्मात पुन्हा येणार नाही." सगळ्यांना ते पटलं. मला जरा जास्तच पटलं.

आमचा सगळ्यात चांगला घोडा म्हणजे रुस्तम. तांबूस रंगाचा, कपाळावर बोटभर पांढरा पट्टा. त्याच्यावर आमचे एक मेजरसाहेब बसायचे. आणि त्याचं सगळं करायचा तो केरबा — त्याचा मोतद्दार. कोल्हापूरकडचा, चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. चंदी, पाणी, खरारा, सगळं तोच. रुस्तमला नवीन जागेत पाणी जाईना, तर केरबा बादलीत हात घालून आधी स्वतःचे ओठ ओले करायचा, मग रुस्तम प्यायचा. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. केरबाला 'अरे केरबा' म्हणायचो. तो मला 'डाक्टरसायेब' म्हणायचा.

आता ते सांगायला हवं.

स्पर्धेचा अवघड दिवस म्हणजे रानातली दौड — ओंडके, खंदक, पाणी ओलांडत काही मैल. त्याच्या तीन दिवस आधी, सरावानंतर, मी रुस्तमच्या पायांवरून हात फिरवला. पुढच्या डाव्या पायाची मागची शीर गरम लागली. फार नाही — हाताला सवय असेल तरच कळावं, इतकीच. मला सवय होती. मला कळलं.

मग मी काय केलं? मेजरसाहेबांना सांगितलं? प्रमुखांना सांगितलं? नाही. मी केरबाला म्हणालो, "रोज संध्याकाळी या पायाला थंड पाण्याची पट्टी बांध, आवळून बांध. थकवा उतरेल." खरं कारण त्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घोडा स्पर्धेतून काढावा लागला असता. आणि घोडा काढणारा डॉक्टर मी ठरलो असतो — अशी संधी चालून आलेली असताना.

दौडीच्या सकाळी केरबा माझ्याकडे आला. "डाक्टरसायेब, पाय गरम लागतोय. जरा बघा की."

मी बघितलं. पाय आदल्या दिवसापेक्षा गरम होता. थोडी सूजही होती. चार पावलांवर मेजरसाहेब हातमोजे चढवत होते. त्यांना ऐकू जाईल इतका आवाज काढायचा होता मला — तेवढंच काम होतं माझं. त्यासाठीच तर मला तिथवर नेलं होतं.

"काही नाही," मी हळू आवाजात म्हणालो. "धावला की मोकळा होईल."

केरबाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो खोगिराचा तंग आवळायला वळला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे संपलं, असा त्याचा विश्वास होता.

उतारावर एक ओंडका होता. रुस्तमने तो ओलांडला, सुंदर ओलांडला, आणि पलीकडे टेकताना डावा पाय दुमडला. मेजरसाहेब फेकले गेले, त्यांचा खांदा मोडला. मी पळत पोचलो तोवर रुस्तम तीन पायांवर उभा राहायचा प्रयत्न करत होता. चौथा गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. केरबा माझ्या आधी तिथे होता. त्याने रुस्तमचं डोकं छातीशी धरलं होतं आणि त्याच्याशी मराठीत बोलत होता — काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. गोळी मी घातली. दुसरं कोण घालणार?

परत आल्यावर चौकशी झाली. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी खरं सांगायचं — हो, तेव्हा तरी. दरवाजा उघडा होता. मी आत गेलो आणि इंग्रजीत लेखी अहवाल दिला. त्यातली दोनच वाक्यं सांगतो. रात्रभर पट्टी प्रमाणाबाहेर घट्ट राहिल्याने शिरेला इजा झाली. पाय गरम असल्याचं मोतद्दाराने मला कळवलं नाही. अक्षर चांगलं आलं होतं.

केरबाला इंग्रजी येत नव्हतं. 'पट्टी चुकली' एवढंच त्याला सांगितलं आणि सही घेतली. त्याला पागेतून काढून गोदामात पोती उचलायला लावलं. दोन वर्षांनी तो घरी गेला. मला पुढे बढती मिळाली. मी त्याचा पत्ता काढला का? नाही. काढता आला असता.

इथवरचं मी कसंबसं पोटात ठेवून जगलो. जगता येतं. पण जे सांगायला मी बसलो, ते हे नाही — म्हणजे हे आहेच, पण एवढंच नाही.

पाच वर्षांपूर्वी मेधा एकदा घरी आली ती आनंदातच. मुलांच्या मराठीच्या वर्गात तिची एका बाईशी ओळख झाली होती. बेडोकला राहतात, नवरा सुनील आयटीत. "आणि बाबा, त्याचे वडील लष्करात घोड्यांकडे होते! त्याच खेळांना आले होते! केरबा म्हणून. आता इथेच आलेत, दोन महिन्यांसाठी. तुमचं नाव ऐकल्यावर रडायलाच लागले म्हणे."

मी आधी गुडघेदुखी सांगितली. मग सर्दी. मग नातवाची परीक्षा. तीन आठवडे असे काढले. शेवटी एका रविवारी दुपारी मेधाने टॅक्सी बोलावली आणि मला बेडोकला नेलं.

सहाव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. केरबा सोफ्याच्या कडेवर बसला होता. पंच्याहत्तरीचा, वाळलेला. मला बघून उठला आणि सलाम ठोकायला गेला. "बसा, केरबा, बसा," मी म्हणालो. त्याला 'तुम्ही' म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. सूनबाईंनी पोहे आणले. त्यांची छोटी मुलगी मराठीला इथला सिंगापुरी 'ला' जोडून म्हणाली, "आजोबा, खा ना ला, गार होतंय." सगळे हसले.

केरबा हसला नाही. त्याने डिश बाजूला ठेवली.

"सायेब, एक बोलायचं हाय. लई वर्सं झाली. माझ्या हातनं चूक झाली. तुमी सांगितलं त्याहून जास्त आवळली आसंल मी पट्टी. त्या जनावराचा जीव माझ्या पट्टीनं गेला. मेजरसायबांचा खांदा गेला. तुमाला बी खाली बघाया लागलं माझ्यापायी."

सुनील आ वासून बघत होता. "दादा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं?" केरबा म्हणाला. "गावात लोक बैलाचं काय दुखलं तर बोलवायचे. मी जायचो न्हाई. हात लावायची भीती वाटायची."

वर पंखा फिरत होता. सगळे माझ्याकडे बघत होते — मेधा, सुनील, सूनबाई, ती छोटीसुद्धा. माझ्या तोंडाशी शब्द होते. शपथेवर सांगतो, होते. 'केरबा, पट्टी बरोबर होती. पाय आधीपासून गरम होता. मला माहीत होतं.' इतकं लहान. एका श्वासात मावेल इतकं.

मी पुढे वाकलो, त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या, केरबा. मी तेव्हाच माफ केलं तुम्हाला."

तुम्ही नीट वाचलंत ना? मी त्याला माफ केलं.

केरबा रडला. लहान मूल रडतं तसा, खांदे हलवत. सुनीलने त्याला जवळ घेतलं. परतताना टॅक्सीत मेधा माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "बाबा, किती मोठं मन आहे तुमचं." तिला तरी सांगायचं ना? ड्रायव्हरला पत्ता सांगितला, तिला काही सांगितलं नाही.

केरबा गावी परतला आणि पुढच्या वर्षी गेला. सुनीलने फोन केला. म्हणाला, "दादा शेवटचे दिवस शांत होते, काका. येईल त्याला सांगायचे, डाक्टरसायबांनी मला माफ केलं. शेजाऱ्याच्या गाईचा पाय मोडला तेव्हा स्वतः जाऊन पट्टी बांधून आले." मी "हो का" म्हणालो. "सांभाळ" म्हणालो. फोन ठेवला.

आता हे कोणाला सांगू? सुनीलला सांगितलं तर त्याच्या वडिलांचे ते शेवटचे शांत दिवसही मी काढून घेईन. नाही सांगितलं, तर त्याच्या वडिलांच्या नावावर माझी चूक तशीच राहते. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला आहे. पण विचार करणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. आणि त्या दुपारी केरबा समोर जिवंत बसलेला असताना असा काहीच पेच नव्हता, हेही कळतं.

सुनील दर दिवाळीला येतो. बायको, मुलगी, फराळाचा डबा घेऊन. मला काका म्हणतो. गेल्या दिवाळीतही आला. मुलीला म्हणाला, "आजोबांच्या पाया पड, आपल्या घरावर यांचे उपकार आहेत." ती वाकली. मागून सुनीलही वाकला.

मी पाय मागे घेतले नाहीत.