नळीतला कापूस

सयाजी हवालदार फटाक्यांना घाबरतो. लष्करात हत्यारं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवलेला गडी दिवाळीत कानात बोळे घालून माजघरात बसतो, यावर म्हसवडात आम्ही पोट धरून हसत आलो आहोत. तो चिडत नाही. "बंदूक मी आतनं बघितलीय, तुमी न्हाई," एवढंच म्हणतो.

निवृत्तीनंतर तो आमच्या नेमबाजी क्लबात आला. क्लब म्हणजे मुरमाच्या टेकडीला टेकलेली पत्र्याची शेड आणि दोन जुन्या पॉइंट टू-टू रायफली. लाखांच्या परदेशी रायफलींपुढे त्या म्हणजे शर्यतीच्या खोंडांपुढे नांगराचे बैल. मी तिथला पत्रव्यवहार बघतो. माझा नेम असा की टेकडी मोठी आहे म्हणून लागते.

त्यातली एक रायफल सयाजीनं माणसात आणली. तिचा लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगून नळीला टेकायचा, म्हणून त्यानं तो आतून घासला. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद सरसर सरकला तेव्हाच त्याचं समाधान झालं. दस्त्याचे दोन्ही स्क्रू सारख्याच जोरानं आवळले. काडतुसं स्वस्तातलीच आणायची, पण निरनिराळ्या खोक्यांतली पोरांकडून मारवून बघायची आणि जी तिला मानवतील तीच राखून ठेवायची. "बाळंतिणीगत हाय. समद्यास्नी समदं पचत न्हाई," असं त्याचं म्हणणं. शिवाय स्पर्धेआधी नळी पुसायची नाही. थोड्या गोळ्या गेल्या की आत शिशाचा, मेणाचा पातळ थर बसतो आणि मग गोळ्या एका जागी जायला लागतात. साफ करायचा गज फिरवला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्याची मुलगी अंकिता पन्नास मीटरवर, पोटावर पडून, या रायफलीनं भोकात भोक पाडायची. तिची निवड चाचणी सांगलीला होती, नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सयाजीनं अंकिताकडून शेवटच्या गोळ्या मारून घेतल्या, नळीतून उजेड बघितला आणि गज खुंटीला टांगला. नवमीला धोंडुबाईनं पूजा मांडली. शेड झाडणं, चहा करणं तिच्याकडे, आणि रायफलींवर तिचा पोटच्या पोरींइतका जीव. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत, म्हणून सयाजीही लांब राहिला. दसऱ्याला पूजा तिनंच उतरवली, रायफली पेटीत ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

विटा गाव यायच्या आत सयाजीनं गाडी थांबवून ओकून घेतलं. पोरगी मारणार आणि पोटात गोळा बापाच्या! सांगलीच्या रेंजवरही तो तोंड धुवायला नळावर गेला, आणि तेवढ्यात अंकिता पेटीतून आपली रायफल घेऊन जागेवर जाऊन पडली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. बोलायची मनाई होती. गोळी भरायचा हुकूम झाला. सयाजीला बसवेना, म्हणून त्यानं उगीच दुसरी रायफल पेटीतून उचलली आणि तो दगडासारखा थिजला.

तिच्या नळीच्या तोंडातून कुंकवानं लाल झालेला कापूस डोकावत होता.

"थांब पोरी! बोट काढ! कुणी बार काढू नका!" तो ज्या आवाजात ओरडला तो माणसाचा वाटेना. सगळ्यांचे हात थांबले. पंच धावत आले. एवढ्या लोकांत हे घाबरट पुन्हा आपली शोभा करणार, असं माझ्या मनात आलं. मग मी त्याचं तोंड बघितलं आणि बाकावरून उठलो.

अंकिताच्या रायफलीच्या तोंडाशी काहीच दिसत नव्हतं. पंचांनी तिची गोळी काढली, मागचा बोल्ट बाहेर काढला आणि नळी उजेडात धरली. उजेड दिसेना. गज घातला तेव्हा आतून कापसाचं वस्त्र निघालं, हळदकुंकवासकट. मी बाहेर जाऊन धोंडुबाईला फोन लावला.

"आवं, पावसाळ्यात हवालदार न्हाई व्हय कापूस घालत नळीच्या तोंडात?" ती म्हणाली. "मी म्हटलं, गोम शिरंल आत. पूजेचं वस्त्र हुतं, तेच सारलं उदबत्तीच्या काडीनं. का वं? काय झालं?"

काही नाही म्हणालो. काय सांगणार? अडकलेल्या नळीत गोळी सुटली तर नळी फुगते, कधी चिरते, आणि पोरीचा गाल त्याच दस्त्यावर टेकलेला असतो.

मी परत आलो तोवर पंचांनी दोन्ही रायफली तपासून ठीक असल्याचं सांगितलं होतं. चाचणी पुन्हा सुरू होणार होती. अंकिता चटईवर पडली, गाल दस्त्यापर्यंत नेला आणि उचलला. पुन्हा नेला, पुन्हा उचलला. तिची बोटं थरथरत होती. "आबा, मला न्हाई हुत," ती म्हणाली आणि रडायला लागली. एवढ्या वर्षांची मेहनत आता पाण्यात जाते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

सयाजी पंचांसमोर हात जोडून उभा राहिला. "सायब, पहिली गोळी मी मारतो. मातीच्या बांधात. काय व्हायचं ते माज्या तोंडावर हुं दे."

त्याला गोळी झाडताना आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. पंचांनी जरा विचार करून होकार दिला. सयाजी चटईवर पडला. अंकिताला तो लांब हो, अजून लांब हो, असं सांगत राहिला. त्याच रायफलीला त्यानं गाल लावला, डोळे मिटले, "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं" पुटपुटला आणि घोडा ओढला.

बार झाला. बांधावर मातीचा बारीक फुफाटा उडाला. नळी होती तशीच होती. सयाजी मात्र उठेना. दस्त्यावर तोंड ठेवून तो हुंदके देत होता.

अंकिता त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात आता स्थिर होता.

"उठा आबा," ती म्हणाली. "सरका जरा. माजी पाळी हाय."