खंड्या पाणी प्यायला होता

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तेव्हा उशाशी बसलो होतो, तेव्हासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. पण आता आडवळणं घेत बसलो तर पुन्हा गिळून टाकीन. माझा मला भरवसा नाही.

सोलापुरात आमचं सुताचं दुकान आणि मागच्याच गल्लीत घर. गल्ली सगळी तेलुगू विणकरांची. मिलचा सकाळचा भोंगा झाला की ही मंडळी लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायची आणि त्याला खळ लावायची. तो ताणा नेमका माझ्या दारावरून जायचा. बाहेर पडायचं तर सुताखालून वाकून. अख्ख्या गल्लीत माडी एकट्या माझ्या घराला — आणि मीच वाकायचं? रोज सकाळी डोकं फिरायचं माझं.

माझा कुत्रा खंड्या. मोहोळच्या बाजारातून एका धनगराकडून आणलेला, दांडगा, कानाला तिखट. समोरचा राजय्या दोनतीनदा सांगायला आला, "अण्णा, कुत्रं लई अंगावर येतंय. नीट बांदून घाला की." मी हसायचो. काही करत नाही रे तो, म्हणायचो. प्रत्येक कुत्रेवाला हेच म्हणतो, नाही का? कुत्रं मात्र धन्याच्या मनातलं बरोबर ओळखतं. ताणा दिसला की मी शिव्या घालायचो, आणि हळूहळू ताणा दिसला की खंड्या गुरगुरायला लागला. त्याला कुणी शिकवलं? मीच की.

त्या सकाळी त्याची साखळी सुटली. — नाही, सुटली नाही. मी सोडली. म्हटलं, जरा घाबरतील, उद्यापासून ताणा पलीकडे सरकवतील.

राजय्याची बायको नरसव्वा ताण्याच्या टोकाची काठी धरून उभी होती. खंड्या तिच्यावर धावला. तुम्ही-आम्ही काठी टाकून पळालो असतो. ती पळाली नाही. खळ ओली असताना ताणा सोडला की धाग्याला धागा चिकटतो आणि सगळ्या घराची मेहनत मातीत जाते. त्यानं पोटरी धरली तरी तिनं काठी सोडली नाही. किंचाळत होती, पण सोडत नव्हती. असं काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी "खंड्या!" म्हणून ओरडलो. त्यानं लगेच सोडलं.

लगेच. पिसाळलेलं कुत्रं असं हाकेला ऐकतं का?

माणसं जमली. राजय्या नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते मला सोसेना, आणि मी बोलून गेलो — "पिसाळलंय हे! कालपासूनच लक्षण ठीक नव्हतं." कारण बघा, माजलेल्या कुत्र्याचा जाब धन्याला विचारतात. पिसाळलेल्याचा कुणाला विचारणार? लोकांनी काठ्या घेतल्या. मार खाताना तो माझ्याच दाराकडे धावत आला. मी आतून कडी लावली. वर लोक म्हणाले, अण्णांनी गल्लीसाठी स्वतःच्या कुत्र्यावर पाणी सोडलं!

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर चिडला. कुत्रं जिवंत बांधून ठेवलं असतं तर पिसाळलेलं होतं की नव्हतं ते कळलं तरी असतं, म्हणाला. आता पोटात सुया. नरसव्वानं त्या घेतल्या. पण सुयांवर गल्लीचा विश्वास कुठला? हे विष वर्षानुवर्षं अंगात दडून बसतं, ढग गडगडला की वर चढतं, आईच्या दुधातून लेकराला जातं — जो तो येऊन हेच सांगून जाई. तिच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. तिनं ती उचलली आणि अक्कलकोटला बहिणीच्या ओटीत घातली. आभाळ वाजायला लागलं की ती राजय्याकडून स्वतःला मागाच्या खांबाला बांधून घ्यायची, थोरल्या पोरांना चावू नये म्हणून. माझ्या माडीवर तिचं रडणं ऐकू यायचं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर... नेहमी मी इथंच थांबतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथंच. पण खरं सांगायचं ते पुढंच आहे.

एका दुपारी ती दुकानात सूत न्यायला आली. दुसरं कुणी नव्हतं. सूत घेतलं, तरी जाईना.

"अण्णा, एक विचारू? त्या सकाळी त्यानं पाणी पिलं व्हतं का? पिसाळलेलं पाण्याला भेतंय म्हनं. पिलं आसंल तर पोरीला घिऊन येते. रांगाय लागलीय म्हनं."

खंड्या पाणी प्यायला होता. साखळी सोडायच्या आधी मीच त्याच्यापुढं पातेलं भरून ठेवलं होतं. लपालपा पिऊन त्यानं तळ चाटला होता.

हो म्हणायला काय लागत होतं मला? फार तर तिनं विचारलं असतं, मग पिसाळलंय का म्हणालात. कदाचित तेही विचारलं नसतं, तशीच अक्कलकोटच्या वाटेला लागली असती. पण त्या न विचारलेल्या प्रश्नाला मी भ्यालो.

"नाही गं," मी म्हणालो. "पाणी बघितलं आणि मागं सरला."

"मग बरं केलं मी," ती म्हणाली. "तुमच्याकडनं कळलं, लई बरं झालं." आणि सूत घेऊन गेली.

ती मुलगी आता परकर नेसण्याजोगी झाली आहे. परवा गल्लीतल्या एका लग्नाला अक्कलकोटहून आली होती. ताण्याखालून वाकून पळत गेली आणि नरसव्वाचा पदर ओढून म्हणाली, "मावशी, पाणी दे."

नरसव्वानं तांब्या भरून दिला. ती पिईपर्यंत मी दारात उभा होतो, आणि तेव्हाही काही बोललो नाही.