पपईमामांची जीभ

पपईमामा प्रयोगशाळेतलं काहीही चाखायचे. ‘येथे काही चाखू नये’ ही पाटी त्यांनीच भिंतीला ठोकली होती. तिच्याच खाली उभे राहून ते पात्रात करंगळी बुडवायचे.

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात ते शिपाई. गाव शिरूर कासार, घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं, शिक्षण चौथी. परदेशी टॉनिकांचे डबे तेव्हा नुकतेच आपल्याकडच्या दुकानांत दिसायला लागले होते. मी गच्चीवरच्या हौदात स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवून पीएच.डी. करत होतो. शेवाळातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करायचे. अशक्त पोरांच्या पोटाला ते सहज पचावेत. तुकडे करायला लागायचा कच्च्या पपईचा चीक. तो मामा रोज सकाळी गोळा करून आणायचे, म्हणून हे पपईमामा.

गोची एकच. चीक कमी वेळ ठेवला तर प्रथिन तुटत नाही, जास्त ठेवला तर सगळं कडूजहर. थांबायचं कधी, हे कळायला मला तासभर टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब रसायन टाकून मोजमाप, करावं लागे. मामांना करंगळी पुरे. “बस करा सर. जिभेच्या बुडाला कडू आलं. आता लई ठिवलं तर पोरं थुकतेत.” मी हट्टाने टायट्रेशन करायचोच. आकडा दर वेळी मामांच्या बाजूने! अंगाची नुसती आग व्हायची.

त्यात आमचे मार्गदर्शक. औरंगाबादहून यायचे, माझ्या आलेखांवर नजर टाकल्यासारखी करायचे आणि विचारायचे, “मामा काय म्हणतात?” एम.एस्सी.ला पहिला आलेला मी, आणि माझ्या प्रबंधाचा निकाल शिपायाच्या जिभेवर! मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. उगाच दुसरा शब्द कशाला शोधू?

ऋणनिर्देशात मी टंकलेखकापासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घातली. मामांचं घातलं नाही. विसरलो नव्हतो.

प्रबंध बांधून आला तसे मामा हात पुसत आले. “सर, माजं नाव कुटं हाय?” इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी टंकलेखकाच्या नावावर बोट ठेवलं. “हे काय, इथं.” त्या ओळीवरून त्यांनी करंगळी फिरवली. “याची येक झेरॉक्स द्या की. भिताडाला लावतो.” दिली.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. शिरूरला गेलो, तर देव्हाऱ्याशेजारी ते पान काच लावून टांगलेलं. मुलगी शाळेत मास्तरीण झालेली. आता हिला इंग्रजी येत असणार, या विचाराने माझे कान तापले.

“ताई, त्या पानावर मामांचं...”

“ठाऊक हाय सर. मी तवा दहावीला व्हते. आणलं त्याच दिवशी वाचून दाखवलं.”

“मग लावलं कशाला?”

“मी लई भांडले. कॉलेजात जाऊन इचारते म्हणलं सरांना. अण्णा म्हणले, बस कर. जास्ती ठिवलं की कडू येतंय.”

चहा कसाबसा संपवला. कधी थांबायचं ते त्यांना तिथंही कळलं होतं. त्या माणसाचा हेवा मला अजून वाटतो.