पॉलिशवाल्या मामाची घाई

लाकडाला लाखेचं पॉलिश करणाऱ्याला एक शिस्त पाळावीच लागते. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून फळीवर टेकवला, की फळी संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. मध्येच थांबलात तर बोळा चिकटतो, तिथे डाग धरतो, आणि सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. आमच्या पॉलिशवाल्याचं पोट मात्र फळी संपायची वाट बघणारं नव्हतं.

म्हणून त्याने आपलं वेगळं शास्त्र बसवलं होतं. जेवणाचं मोठं टेबल असेल तर सकाळी उपाशीपोटी हातात घ्यायचं. ड्रॉवर, खुर्च्यांचे पाय वगैरे किरकोळ माल दुपारी. काम शक्यतो रिकाम्या घरातलं, मालक राहायला यायच्या आधीचं. नव्या गिऱ्हाइकाला त्याचा पहिला प्रश्न असे, "पाणी चालू आहे ना?" मालक खूश, कामाचा पक्का माणूस दिसतोय म्हणून. लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, पाण्याचा थेंब तिला चालत नाही, मग याला पाणी कशाला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याचा आजार असा: मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. गोळ्या घेतल्या की कित्येक महिने शांत, आणि मग एक दिवस काही कारण नसताना पुन्हा उठतं. कोलायटिस म्हणतात याला. तज्ज्ञ डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं होतं, वर बजावलंही होतं, "हे कधी कधी घराण्यात असतं. भावंडांपैकी कुणाला असा त्रास झाला, तर वेळ न घालवता तपासायला सांगा." त्याने मान डोलावली, गोळ्या पिशवीत टाकल्या आणि बायकोखेरीज कुणापुढे ब्र काढला नाही.

भावंडं म्हणजे तरी कोण, एकटी ताई. आई लवकर गेली, तेव्हापासून याचं नाक पुसण्यापासून याला बोहल्यावर चढवण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. "माझा भाऊ दगड खाऊन दगड पचवेल," असं ती चारचौघांत सांगायची. अशा बहिणीपुढे दिवसातून किती वेळा जावं लागतं याचा हिशेब कुठल्या तोंडाने मांडायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. लाज माणसाला कुठवर गाढव बनवते, त्याला काही सीमा नाही.

ताईच्या घरचा संडास जेवणाच्या टेबलाला अगदी लागून. दार इतकं पातळ, की आत कुणी खाकरलं तरी बाहेर वाढणारा थबके. त्यामुळे हा कधी जेवायला थांबलाच नाही. यायचा, चहा अर्धा टाकायचा, आणि "गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणून पाय काढता घ्यायचा. भाची त्याला घाईमामा म्हणे. भाऊजी म्हणत, "आमचा मेहुणा चपला काढतानाच त्यांची तोंडं दाराबाहेर करून ठेवतो, पळायला बऱ्या." सगळे हसत. ताई हसत नसे. तिने समजून घेतलं होतं, की भावाला आता आपल्या घरचं गोड लागत नाही, आणि ही शिकवण अर्थातच भावजयीची.

बायको वैतागून म्हणाली, "अहो, माझ्या नावावर किती दिवस बिल फाडणार? सांगून टाका ना ताईंना."

"सांगेन गं. वेळ आली की सांगेन."

वेळ आली, आणि चांगली समोर येऊन बसली. ताईला रक्त जायला लागलं. तिने मूळव्याध ठरवून घरगुती इलाज केले, महिना काढला, आणि अखेर डॉक्टरांकडे निघाली. भाऊजी कामावर होते, म्हणून सोबतीला भावाला घेतलं. वाटेत रिक्षात तिने कशीबशी तक्रार सांगितली, तीही बाहेर बघत. ती जे सांगत होती, ते त्याच्या शरीराला पाठ होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा आजार? आईवडील, भावंडं?"

"छे हो!" ताई म्हणाली. "हा बघा की माझा भाऊ, कसा ठणठणीत आहे."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. आता बोलावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, इथे नको, घरी गेल्यावर बोलू. तो नुसता हसला. डॉक्टर म्हणाले, एकदा दुर्बिणीने आतून बघून घेऊ या. ताई खुर्चीतच आक्रसली. "नको बाई! घरात कुणाला काही नाही, तर मलाच कशाला असेल? आधी मलम देऊन बघा." डॉक्टरांनी मलम दिलं, आराम पडला नाही तर नक्की या म्हणाले. ती गेली नाही. आणि हा घरी गेल्यावरही बोलला नाही.

दोन वर्षांनी तिला रात्रीतून हॉस्पिटलात न्यावं लागलं. आतडं कामातून गेलं होतं, काढावंच लागलं. सर्जन म्हणाले, वेळेवर कळलं असतं तर औषधांवर निभावलं असतं, कदाचित. त्या 'कदाचित'ला पॉलिशवाला दिवसचे दिवस धरून बसला. मधूनच त्याला स्वतःची शिसारी यायची, आणि तरी तो शब्द हातातून सुटत नसे.

ती घरी आल्यावर तो दुपारचा भेटायला गेला. घरात दोघंच. ताईने त्याला खुर्चीवर बसवलं आणि मळ जमायला पोटाला लावलेल्या पिशवीबद्दल सगळं सांगितलं. ती कशी बदलायची, कधी कशी गळते, भाऊजी पहिल्यांदा बघून कसे पांढरे पडले. "तुझ्यापासून काय लपवायचं रे," ती म्हणाली, "तुझं सगळं मीच काढलंय लहानपणी."

तो उठून संडासात गेला. त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बराच वेळ लागला. पातळ दारातून ताईला सगळं ऐकू गेलं असणार. बाहेर आला तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याने उभ्या उभ्याच सांगितलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुझ्या खूप आधीपासून."

"म्हणजे त्या डॉक्टरांसमोर तुला माहीत होतं."

"हो. ताई, मला..."

"गप्प बस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला सांगून आता काय उपयोग? पोरीचं पोट महिनाभर बिघडलंय. बाहेरचं खाणं बाधलं म्हणते, आणि विचारलं की लाजते. तिला सांग. मी नाही सांगणार, तू सांग."

ती पोटावर हात दाबत हळूहळू उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तो तिथेच बसून राहिला. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली. भाची खांद्यावरची पर्स काढत आत आली आणि हसली.

"मामा? तू अजून इथे?"

"बस जरा," तो म्हणाला. "मला तुला माझ्या पोटाबद्दल सांगायचंय."