धन्यकुमारच्या मांडवातलं वाढप

मी तापट माणूस. पण माझा राग दुधासारखा, भसकन उतू जातो आणि चुलीवरून उतरवला की खाली बसतो. आमच्या घरी तर कोणी तो मनावरही घेत नाही. असा मी, धन्यकुमार मगदूमशी अकरा महिने बोललो नाही. आता ते सगळं मिटलं आणि खरं सांगतो, डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं वाटतंय.

पलूसच्या बाजूला आमचा साखर कारखाना. मी तिथं फिटर, चौदा वर्षं हंगामी. धन्यकुमार पॅनमन. रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा ते खोलीएवढं बंद लोखंडी भांडं म्हणजे पॅन, आणि ते सांभाळणारा तो पॅनमन. तीस वर्षांत त्यानं घड्याळ बघून पॅनमधला माल खाली सोडला नाही. काचेच्या पट्टीवर थेंबभर माल घ्यायचा, उजेडाकडं धरायचा आणि म्हणायचं, अजून थोडा. दिवसभरात त्याचं भाषण एवढंच. बाकी बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्याचं पुढचं सगळं दुखणं या एका सवयीतून उपटलं.

मागच्या जानेवारीत आम्ही संप केला. मागणी साधी होती, हंगामी माणसांना कायम करा. ऐन गाळपात, भरदुपारी आमचा पुढारी बिराप्पा यानं हात वर केला आणि पाचशे माणसं गेटबाहेर आली. धन्यकुमारही आला. आम्ही गेटला दोरी बांधली. आत जाईल तो फितूर, असं सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलं. तासाभरानं हा बाबा उठला, मान खाली घालून दोरीखालून वाकला आणि आत गेला. दोरीचं एक टोक माझ्याच हातात होतं. मी हाक मारली, पण त्यानं मागं बघितलं नाही.

चार तासांनी तो बाहेर आला. तोवर साहेबांनी त्याचा फोटो काढून 'कामगार कामावर हजर' म्हणून मोबाइलवर गावोगाव धाडला होता. दुसऱ्या दिवशी चाळीस जण आत गेले, पाचव्या दिवशी संप मोडला. माझं कायम होणं लांबलं ते लांबलंच. गेटवरच्या फळ्यावर फितुरांची नावं लिहिली गेली, त्यात पहिलं नाव धन्यकुमारचं. अक्षर माझं होतं.

त्या चाळीस जणांना लोकांनी उन्हाळ्यापर्यंत माफ करून टाकलं. चाळिसांशी अबोला धरला तर कारखाना चालवायचा कोणी? पण पहिल्याला माफी नाही. आमच्या पाळीनं साहेबांना सांगितलं, हा माणूस आमच्यात नको. साहेबांनीही, ज्याचा फोटो वापरला त्यालाच उचलून पोत्यांच्या गोदामात टाकलं. गरज सरो, वैद्य मरो. कॅन्टीनमध्ये तो बसला की बाक रिकामा व्हायचा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, असा आमचा भांगलणीचा पैरा चालतो. त्यातून त्यांचं रान वगळलं. आक्काताई, म्हणजे त्याची बायको, एकटीच उसात खुरपं घेऊन दिसायची. वाईट वाटायचं, पण मी वाट बदलायचो.

सप्टेंबरात त्यांच्या जैनांची क्षमावणी आली. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याची माफी मागायचा तो दिवस. पाळी सुटताना हा गेटवर हात जोडून उभा होता, प्रत्येकाला क्षमा करा म्हणत. कोणी थांबलं नाही. मी तर मोबाइल कानाला लावून गेलो. पलीकडं कोणीही नव्हतं.

मग त्याच्या लेकीचं, ब्राह्मीचं लग्न ठरलं, डिसेंबरातलं, नवरदेव फलटणचा. आमच्या पाळीत रीत अशी, की कोणाच्याही घरचं लग्न असो, पंगतीत वाढायचं आम्हीच. भाड्यानं वाढपी आणावे लागले तर त्या घराला माणसं राहिली नाहीत असं गाव समजतं. त्यात धन्यकुमारकडं दिवस मावळला की जेवण बंद. अक्षता दुपारी साडेतीनच्या, हिवाळ्याचा दिवस, आणि सहाच्या आत सहाशे माणसं जेवून उठायला हवीत. पत्रिका घेऊन तो आला तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसलो. वाढायला या, असं तो म्हणालाच नाही. इस्लामपूरचे बारा वाढपी ठरवलेत, एवढं सांगून गेला. बायको गोठ्याच्या दारात येऊन म्हणाली, "म्हशींसंगं तरी बोलताय न्हवं?"

लग्नाला आठ दिवस होते आणि कारखान्यात बॉयलर बंद पडला. पॅनवर ठेक्याचा नवा माणूस होता. वाफ गेली आणि पॅन भरलेला असला, की माल लगेच खालच्या फिरत्या टाकीत सोडायचा असतो. हा साहेबांच्या फोनची वाट बघत बसला. माल पॅनमध्येच थिजून दगड झाला. फोडायला मग आम्ही. दोघं-दोघं पॅनच्या पोटात उतरायचो आणि पहार मारायचो, तीन दिवस. हाताला फोड आले, केसांत साखर चिकटली. साहेब वरून वाकून बघून गेले. तिसऱ्या दिवशी बिराप्पा पहारीवर टेकला आणि म्हणाला, "धन्या त्या दिवशी ह्येच्यासाठनं आत गेल्ता रं, भरल्याला पॅन मोकळा कराय. न्हाईतर संप मिटल्यावर ह्यो दगड आपुनच फोडला असता."

मग सांगायचं नाही का, असं मी तिथंच भांडलो. एक शब्द बोलला असता तर आम्हीच दोन माणसं सोबत दिली असती, आणि साहेबांना तसला फोटो मिळाला नसता. हे मी आजही म्हणतो. दोरी कोणी गंमत म्हणून बांधत नाही. पण पॅनच्या पोटात उभं राहून फितूर हा शब्द काही माझ्या तोंडून निघेना. फळ्यावरच्या माझ्या अक्षराची मला तिथं पहिल्यांदा लाज वाटली.

लग्नादिवशी आमची पाळी बाराला सुटली. जायचं की नाही, यावरून कॅन्टीनमध्ये तीन वाजेपर्यंत वाद चालला. शेवटी अठरा जण निघालो. पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. बारांपैकी पाचच वाढपी आलेले. लग्नतिथी दाट, बाकीचे दुसऱ्या मांडवात. पहिली पंगत रिकाम्या पत्रावळींकडं बघत बसली होती आणि नवरीचा बाप, डोक्याला फेटा तसाच, आमटीची बादली घेऊन एकटा पळत होता.

बिराप्पानं बादलीला हात घातला. "आन हिकडं. पोरीची पाठवणी कराय बाप लागतो. वाढाय आमी हाय."

धन्यकुमारनं बादली सोडली नाही. दोघंही ती धरून उभे राहिले. मग त्याची बोटं सैल झाली, आणि तो तोंड फिरवून आत गेला.

आम्ही कमरेला टॉवेल बांधले आणि वाढलं. फलटणचे पाहुणे विचारायला लागले, ही माणसं कुठल्या केटरिंगची. शेवटची पंगत उठली तेव्हा ऊन अजून मांडवाच्या झालरीवर होतं. ब्राह्मीची गाडी रस्त्याला लागली. वाढपी शेवटी बसतात आणि त्यांना घरधनी वाढतो. धन्यकुमार बुंदीचं ताट घेऊन आला, माझ्यापुढं वाकला.

"धनाजी, तुला सांगून जायला पायजे हुतं. चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," मी म्हणालो. राग राहिला नव्हता, पण खोटं बोलवेना. "आन माझं बी. लय चुकलं."

अठरा जणांना तो आग्रह करकरून वाढत फिरला. मी हात धुतले, मान वर केली, तर दिवस बुडालेला. तेव्हा कुठं ध्यानात आलं, मुलीच्या बापाचा सकाळपासून उपास आणि आता उद्या उजाडेपर्यंत त्याला पाण्याचा घोटही चालणार नाही. मी बोलून दाखवलं तर तो हसला. तुम्ही जेवलात ना, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्याच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. बायकोनं भाकरी आणि बिनकांद्याचं पिठलं बांधून दिलं होतं. दिवस वर आला आणि दार उघडलं. क्षमा कर, मी म्हणालो. सप्टेंबरात त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर ते. तो दारातून बाजूला सरला. आक्काताईंनी दोन ताटं मांडली.