कपाटातले उजवे बूट

खिळेकाकांना चर्चमधले सगळे जरा वचकूनच असत. उभा जन्म बूट शिवण्यात गेलेला, ओठांत कायम खिळे धरलेले. त्यामुळे बोलणं कमी, आणि जे काही बाहेर पडायचं ते खिळ्यांहून टोकदार. दर शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत बसून ते मंडळीने आणून दिलेले जुने बूट फुकट दुरुस्त करत. तिथे दोन खोकी ठेवलेली असत: एक गावातल्या बेघरांच्या निवाऱ्यासाठी, दुसरं परदेशातल्या मिशनच्या दवाखान्यासाठी.

काकांचा नियम एकच: एकटा बूट खोक्यात जाणार नाही. जोडीदार हरवलेला दिसला की तो सरळ कचऱ्यात. "त्या बिचाऱ्यांनी लंगडी घालत फिरायचं का?" असा वर दमही मिळायचा.

घरी मात्र हा माणूस वेगळा होता. मधुमेहाने बायकोचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तरी दर वाढदिवसाला ते तिच्यासाठी दोन्ही पायांचे बूट शिवत. ती कुबडीला टेकून हसायची. "अहो, उजवा कुणाला घालू? खुर्चीच्या पायाला?"

"एकच शिवायला हात धजत नाही," काका म्हणायचे.

ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी ते कोरे उजवे बूट कपाटाच्या खालच्या खणात कागदांत गुंडाळलेले होते. काका अधूनमधून ते काढून पॉलिश करत. कुणी पाहिलं असतं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

एका रविवारी उपासना आटोपल्यावर पाळकांनी त्या दवाखान्यातल्या नर्सचं पत्र वाचून दाखवलं. तिकडची लढाई संपली होती, पण शेतांत सुरुंग राहून गेले होते. "आमच्याकडे एका पायाची माणसं फार आहेत," तिनं लिहिलं होतं. "एकटे बूट असतील तर टाकू नका. बायकांच्या मापाचे तर मिळतच नाहीत."

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या आणि काकांचा चेहरा पडला. आजवर किती बूट त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात घातले होते! घरी येऊन ते कपाटासमोर जमिनीवर बसले. खण उघडला, पुन्हा लावला. तिच्यासाठी केलेलं असं तेवढंच उरलं होतं. जेवायची वेळ टळून गेली. खरं सांगायचं तर त्यांना त्या नर्सचा रागच आला होता.

शनिवारी काका मोठी पिशवी घेऊन आले, पाळकीणबाईंपुढे ठेवली आणि कामाला बसले. बाईंनी एकेक कागद सोडला. सगळे उजवे, सगळे एका मापाचे, तळव्यांना धूळसुद्धा न लागलेली.

"काका, हे तर नवे कोरे!" बाई म्हणाल्या. "मग यांचे डावे कुठं आहेत?"

काकांनी ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले.

"तिनं झिजवले," ते म्हणाले. "सगळे."